फोरकास्टिंग सॉफ्टवेअर: झाकणांचं बरोबर, गणपतीचं चूक

विक्रीचा अंदाज बांधणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरच्या रिन्यूअलचं कोटेशन आलंय, त्यात "इव्हेंट मॉड्यूल" म्हणून वेगळी ओळ घालून वेगळे पैसे लावलेत, म्हणून लिहायला बसलो, नाहीतर एवढा वेळ कुणाला आहे. मागच्या उन्हाळ्यापासून वापरतोय. कुडाळ साइडला आमचं छोटं युनिट, अमृत कोकम, आगळ, आवळा आणि जिरा-लिंबू सोडा, स्टोअर्स आणि डिस्पॅच माझ्याकडे. सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही, डेमो सगळ्यांचे सारखेच असतात, लाल-हिरव्या रेघा आणि दर दोन मिनिटांनी एआय.

तर डोकं कशाने फिरलं ते आधी. याला आठवड्याचा नंबर कळतो, तिथी कळत नाही. २०२४ ला गणपती ७ सप्टेंबरला आले, २०२५ ला २७ ऑगस्टला. कोकणात गणपतीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमचा दुसरा सीझन, चाकरमानी येतात, घरोघरी पाहुणे, कणकवली-सावंतवाडीचे दुकानदार धडाधड बॉक्स उचलतात. याने तो उठाव आदल्या वर्षी होता तिथेच ठेवला, म्हणजे सप्टेंबर लागल्यावर, गौरी-गणपती उरकून निम्मे लोक मुंबईच्या वाटेला लागले तेव्हा!

सपोर्टकडे तक्रारीचं तिकीट टाकलं तर उत्तर आलं की हॉलिडे कॅलेंडरमध्ये इंडिया सिलेक्ट करा. अहो केलंय ना. त्या यादीत गणेश चतुर्थी आहेसुद्धा, पण हा सुट्टीच्या दिवशी विक्री खाली धरतो, कारण त्या दिवशी आपलं डिस्पॅच बंद असतं. म्हणजे सण टाकला तर आकडा आणखी कमी! सण येण्याआधी माल उचलला जातो एवढी साधी गोष्ट सांगायची तर ते इव्हेंट मॉड्यूल घ्या. आणि मॉड्यूल म्हणजे काय, तर सीएसव्हीचं एक शीट, तारखा आपणच भरायच्या, आधी किती दिवस आणि किती टक्के तेही आपणच ठरवायचं. मग हा काय करतो? हे मी एक्सेलमध्ये फुकट करत होतो.

यंदा, २०२६ ला, तर अजून मजा. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, लग्नाचे मुहूर्त नाहीत, म्हणजे कॅटररच्या ऑर्डरी नाहीत, आणि पुढचे सण लांबून गणपती थेट १४ सप्टेंबरला. सपोर्टच्या पोराला फोनवर सांगितलं तर विचारतो, सर हा महिना दरवर्षी येतो का? म्हटलं नाही रे बाबा, साधारण तीन वर्षांनी. तर म्हणे तुमची हिस्ट्री दोनच वर्षांची लोड आहे, मॉडेल शिकणार कसं. आता मागचा अधिक आला २०२३ ला, आणि तोही श्रावण. तीन वर्षांची हिस्ट्री दिली असती तरी याने ज्येष्ठाचं काय शिकलं असतं देव जाणे.

एक स्टार द्यायचा म्हणूनच लिहायला घेतलं होतं, पण आत्ता मागचे रिपोर्ट उघडून बसलोय तर खरं ते सांगतो. पॅकिंग मटेरियलमध्ये याने पैसे वाचवलेत. झाकणं, प्रीफॉर्म (ज्या फुगवून बाटल्या करतात त्या प्लास्टिकच्या नळ्या), लेबल, प्रत्येकाचा लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यावर माल यायला लागणारे दिवस, आणि कमीत कमी ऑर्डर एकदा भरून दिली की कधी मागवायचं ते बरोबर सांगतो. पूर्वी सोडा तयार आणि २८ एमएमची झाकणं संपली म्हणून लाइन उभी, असं भर एप्रिलमध्ये व्हायचं. ते बंद झालं. एक्सपायरी जवळ आलेली बॅच आधी काढायला लावतो, तेही चांगलं.

गेल्या मेमधल्या पावसाचा दोष त्याला देणार नाही. २४ मेला मान्सून केरळात, २६ ला मुंबईत, असा कुणाला अंदाज होता? विक्री झोपली आणि पुढच्याच रनला त्याने आकडे खाली आणले, आमच्या सेल्सवाल्यांपेक्षा लवकर.

गेल्या सप्टेंबरमध्ये मात्र परत घोळ. फळांच्या रसाच्या पेयांचा जीएसटी १२ वरून ५ टक्के होणार हे ३ तारखेला जाहीर झालं, लागू २२ पासून. मधले दिवस डिस्ट्रिब्युटर माल उचलेनात, याला वाटलं मागणी गेली. २२ नंतर सगळे एकदम तुटून पडले, आमचा स्टॉक संपला, आणि स्टॉक नव्हता त्या दिवसांचा शून्य याने परत "मागणी नाही" म्हणूनच धरला. त्यासाठी लॉस्ट सेल्सची, म्हणजे माल नसल्यामुळे हुकलेली विक्री धरायची, एक टिक आहे, सेटिंगमध्ये खूप आत, बाय डिफॉल्ट बंद. घेतलंत तर पहिल्या दिवशी ती चालू करा.

आणि हो, अंदाज फक्त १३ आठवड्यांचा. आम्ही रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये घेतो ते वर्षभरासाठी, एकदा पाऊस लागला की फळ खलास, जुलैमध्ये रीऑर्डर कुठून करू? तिथे अजून मालकांचा अंदाजच चालतो, आणि तो बऱ्यापैकी बरोबर असतो.

तीन स्टार देतोय. कोटेशनमधली ती इव्हेंटची ओळ काढा असा मेल टाकलाय. नाही काढली तर खालचा प्लॅन घेणार, झाकणं-लेबलांपुरता, आणि सणांचं शीट माझं जुनंच.