चढाची अर्धमॅरेथॉन : वेग समान की श्रम समान?

२१.१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन दोन तासांत संपवायची, तर प्रत्येक किलोमीटरला सरासरी ५ मिनिटे ४१ सेकंद मिळतात. गोदाकाठच्या सपाट रस्त्यावर घड्याळ पाहून हा वेग समान राखणे उत्तम. चढाच्या मार्गावर मात्र तोच हट्ट धरला, तर सुरुवातीच्या चढातच स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले इंधन, झपाट्याने खर्च होते आणि शेवटच्या पाच किलोमीटरांत पाय जड पडतात. म्हणून मला श्रम समान ठेवणेच पटते: चढावर श्वास सांभाळून वेग सोडावा, उतारावर पावले आखूड ठेवून तो काहीसा मिळवावा. चढावर गेलेला वेळ उतारावर पूर्ण भरून निघत नाही, त्यामुळे उद्दिष्ट ठरवतानाच ती तूट धरावी लागते. तिचा अंदाज नाशिकच्या त्रिरश्मी डोंगराच्या, म्हणजे पांडवलेण्यांच्या, चढावर वारंवार सराव करूनच येतो.