पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन होईना: छोट्या एसएसडीवर लिनक्स वापरल्यानंतरचा अनुभव

जुन्या डेस्कटॉपमध्ये १२० जीबीची एसएसडी बसवून त्यावर लिनक्स आणि एक्सएफसीई (हलकं डेस्कटॉप वातावरण) टाकलं, त्याला आता बरेच महिने झाले. रोजचं सगळं काम याच मशीनवर चालतं. वेगाबद्दल काही तक्रार नाही. मशीन झटकन सुरू होतं, ब्राउझरमध्ये भरपूर टॅब आणि सोबत ऑफिसच्या फाइल्स उघड्या असल्या तरी अडखळत नाही, आणि अपडेट आपल्याला हवे तेव्हा करता येतात. प्रिंटर, आवाज, वायफाय यांसाठी वेगळी खटपट करावी लागली नाही. पण मध्यंतरी लॉगिनचा जो त्रास झाला त्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण तो कुठल्याही लिनक्स डेस्कटॉपवर होऊ शकतो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

लक्षण असं: पासवर्ड टाकून एंटर दाबलं की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुन्हा लॉगिनचीच स्क्रीन समोर येते. ‘पासवर्ड चुकला’ असं कुठेही येत नाही. इथेच थांबून विचार करायला हवा. पासवर्ड चुकला असता तर मशीनने तसं सांगितलं असतं. म्हणजे पासवर्ड मान्य झालाय, सेशन (लॉगिननंतरचा डेस्कटॉप) सुरूही झालंय, पण सुरू होता होताच कोसळलंय. इंटरनेटवर शोधलं की पासवर्ड बदला, ग्राफिक्स ड्रायव्हर काढून टाका, इथपासून थेट नव्याने इन्स्टॉल करा इथपर्यंत सल्ले मिळतात. त्यातलं काहीही करण्याआधी डिस्क बघा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

लॉगिन स्क्रीनवरच कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबलं की साधा मजकुराचा कन्सोल उघडतो. तिथे त्याच नावाने, त्याच पासवर्डने आत जाता येतं. ग्राफिकल सेशनला मात्र सुरुवातीलाच काही ना काही लिहावं लागतं. एक्सएफसीईसोबत येणारा लॉगिन मॅनेजर सहसा होम फोल्डरमध्ये ‘.एक्सऑथॉरिटी’ नावाची इवलीशी फाइल लिहितो, तीच दाखवून प्रोग्रॅमना स्क्रीन वापरायची परवानगी मिळते. डिस्कवर जागाच नसेल तर ही फाइल नीट लिहिली जात नाही आणि सेशन तिथेच संपतं. कन्सोलला असलं काही लिहावं लागत नाही, म्हणून तो चालतो.

कन्सोलवर डिस्कची जागा दाखवणारी ‘डीएफ -एच’ ही कमांड चालवली. रूट पार्टिशनसमोर (डिस्कचा मुख्य भाग, ज्यात सगळी सिस्टम असते) वापर १०० टक्के, उपलब्ध जागा ०. गंमत म्हणजे एकूण जागेतून वापरलेली जागा वजा केली तर पाचेक जीबी शिल्लक दिसत होती. ईएक्सटी४ फाइल सिस्टम (डिस्कवर फाइल्स मांडण्याची पद्धत) बनवताना साधारण ५ टक्के जागा रूट या प्रशासक खात्यासाठी राखून ठेवली जाते, ती ही. सामान्य वापरकर्त्याला ती मिळत नाही, पण रूटला मिळते, आणि म्हणूनच अशा वेळी सुडो लावून (म्हणजे रूटच्या अधिकाराने) दुरुस्ती करता येते.

आता एवढी जागा खाल्ली कोणी? मुळापासून ‘डीयू’ (फोल्डरचा आकार मोजणारी कमांड) चालवत एकेक पायरी खाली उतरलो. त्याला ‘-एक्स’ हा पर्याय जरूर द्या, म्हणजे दुसऱ्या डिस्क आणि प्रॉक-सिससारखे आभासी फोल्डर मोजण्यात वेळ जात नाही. सगळा भार ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ या नोंदींच्या फोल्डरवर होता, आणि तिथेही दोनच फाइल्समध्ये: ‘सिसलॉग’ आणि ‘कर्न.लॉग’. ‘टेल’ने शेवटच्या ओळी पाहिल्या तर एकच तक्रार अखंड सुरू: ‘पीसीआयई बस एरर, सिव्हेरिटी करेक्टेड’. म्हणजे पीसीआयई स्लॉटमधल्या (मदरबोर्डवर कार्ड बसवायची खाच) एका कार्डाच्या जोडणीत बारीकसारीक चुका होत होत्या, हार्डवेअर त्या स्वतःच दुरुस्तही करत होतं, पण प्रत्येक वेळी कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याची नोंद करत होता. शिवाय कर्नलची नोंद दोन्ही फाइल्समध्ये जाते, त्यामुळे जागाही दुप्पट जाते. सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या जर्नलला (नोंदवहीला) मूळचीच मर्यादा असते, फाइल सिस्टमच्या १० टक्के आणि फार तर ४ जीबी. आरसिसलॉग या नोंदी लिहिणाऱ्या सेवेच्या या साध्या फाइल्सना तशी मर्यादा नसते, त्या जुन्या नोंदी काढून टाकणाऱ्या लॉगरोटेटच्या भरवशावर असतात.

अशा फाइल्स ‘आरएम’ या डिलीट करायच्या कमांडने उडवू नका. आरसिसलॉगने फाइल उघडी धरलेली असते. नाव गेलं तरी ती सेवा रीस्टार्ट होईपर्यंत जागा मोकळी होत नाही, आणि ‘डीएफ’ तोच १०० टक्क्यांचा आकडा दाखवत राहतं. त्याऐवजी ‘ट्रंकेट’ वापरून फाइलचा आकार शून्य करायचा. जागा लगेच सुटते. मग होममधली ‘.एक्सऑथॉरिटी’ शून्य बाइटची राहिली असेल तर ती काढून टाकायची, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ७ दाबून (काही ठिकाणी एफ१) परत आलो आणि डेस्कटॉप पूर्वीसारखा उघडला.

पण नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नव्हता. कर्नलला ‘पीसीआय=नोएईआर’ दिलं की नोंदी थांबतात, पण चुका होतच राहतात, म्हणून तो उपाय मला पटला नाही. कार्ड काढून नीट बसवलं, फरक पडला नाही. ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ हा पर्याय दिल्यावर मात्र नोंदी बंद झाल्या. त्याने कर्नल पीसीआयई जोडणीची वीजबचत स्वतःहून सुरू करत नाही. डेस्कटॉपवर ते चालतं, लॅपटॉपवर बॅटरीचा विचार करावा लागेल. जोडीला लॉगरोटेटमध्ये ‘मॅक्ससाइझ’ ही आकाराची मर्यादा घातली. मात्र लॉगरोटेट मुळात दिवसातून एकदाच चालतं, आणि अशा नोंदी एका दिवसातही डिस्क भरू शकतात. म्हणून त्याचा टायमर तासावर आणला.

प्रत्येकाकडे लॉगच दोषी असेल असं नाही. न रिकामी केलेली कचरापेटी, एपीटीने (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कमांडने) साठवलेली पॅकेजं (‘एपीटी क्लीन’), फ्लॅटपॅक अ‍ॅप्ससोबत आलेले पण आता वापरात नसलेले रनटाइम, त्याच डिस्कवर ठेवलेले टाइमशिफ्ट या बॅकअप प्रोग्रॅमचे स्नॅपशॉट, हे नेहमीचे गुन्हेगार. जागा शिल्लक दिसूनही ‘नो स्पेस लेफ्ट’ येत असेल तर ‘डीएफ -आय’ने आयनोड (प्रत्येक फाइलसाठी लागणारी नोंद) संपलेत का ते पाहा.

माझी खरी नाराजी लॉगिन स्क्रीनवर आहे. डिस्क भरल्याचं मशीनला ठाऊक असतं, तरी त्या स्क्रीनवर चकार शब्द येत नाही. ‘डिस्क भरली आहे’ एवढी एक ओळ दिसली तर कितीतरी लोकांचं नव्याने इन्स्टॉल करणं टळेल. घरात एकच कॉम्प्युटर असलेल्या नवख्या माणसाने कन्सोल उघडावा, ‘डीयू’ चालवावं, ही अपेक्षा ठेवणंच चूक आहे. जीनोम हा दुसरा डेस्कटॉप निदान सेशनच्या आत जागा कमी झाल्याचा इशारा आपणहून देतो. एक्सएफसीईमध्ये त्यासाठी पॅनेलवर ‘एफएसगार्ड’ हे प्लगइन बसवावं लागतं. ते बसवलंय आणि इशाऱ्याची मर्यादा मुद्दाम वर ठेवलीय.

एवढं होऊनही हा सेटअप मी बदललेला नाही आणि १२० जीबीत तो खुशाल वापरावा असंच सांगेन. होमसाठी वेगळं पार्टिशन केलं असतं तर लॉगमुळे होम भरलं नसतं हे खरं, पण एवढ्याशा डिस्कचे तुकडे केले की कधी एका बाजूला जागा कमी पडते, कधी दुसऱ्या, म्हणून मी ते टाळलं. राखीव ५ टक्के ‘ट्यून२एफएस’ या कमांडने कमी करून जागा वाढवा, असाही सल्ला मिळतो. फक्त डेटा ठेवायच्या वेगळ्या डिस्कवर तो बिनधास्त पाळा, रूट पार्टिशनवरची राखीव जागा मात्र मी पूर्ण ५ टक्के तशीच ठेवली आहे.