सात सेकंद उशिरा पडणारं मत: चौपायी रोबोटच्या शिकवणीचे आठ महिने

गेले आठ महिने मी जवळपास रोज रात्री एका चौपायी रोबोटची शिकवणी घेतेय. तो राहतो ब्राउझरमधल्या सिम्युलेशनमध्ये: चार पाय, आठ सांधे, करडी सपाट जमीन. चॅटमध्ये कोणीही एक शब्द टाकायचा. तो शब्द पडद्यावर झळकला की रोबोट काहीतरी हालचाल करतो आणि बघणारे 'हो' किंवा 'नाही' दाबतात. या मतांवरून तो शिकतो, असं साइटवर लिहिलंय. शिकतो हे खरंच आहे. नेमकं काय शिकतो, ते कळायला मला तीन महिने लागले.

सगळा घोळ लॅगचा. एका रात्री शब्द टाकून घड्याळ लावून बसले, तर चित्र माझ्यापर्यंत यायला सहा-सात सेकंद लागत होते. म्हणजे झकास पाऊल पडलं म्हणून मी 'हो' दाबते, तेव्हा तिकडे तो दोन पावलं पुढे जाऊन अडखळलेला असतो आणि शाबासकी त्या अडखळण्याला मिळते. माणसाच्या 'चांगलं-वाईट' सांगण्यावरून यंत्राला शिकवायची टेमर नावाची पद्धत नॉक्स आणि स्टोन या संशोधकांनी २००९ साली मांडली, तेव्हाही माणसाचं बोट उशिरा पडतं हे त्यांनी हिशेबात धरलं होतं. पण तो उशीर सेकंदाच्या आतबाहेरचा. इथे अख्खी हालचाल उरकून जाते. चौथ्या महिन्यात साइटवाल्यांनी प्रत्येक प्रयत्नाला क्रमांक दिला आणि मत त्या क्रमांकावर जमा व्हायला लागलं. त्यानंतर पंधरा दिवसांत जी प्रगती झाली, ती आधीच्या तीन महिन्यांत झाली नव्हती.

तरी 'थांब'चा किस्सा सांगितलाच पाहिजे. 'थांब' म्हटलं की हा पठ्ठ्या सरळ कुशीवर आडवा व्हायचा. आडवा पडलेला रोबोट हलत नाही, आणि आम्ही सगळे शहाणे 'हो, हो' दाबत बसलो. आठवड्याभरात तो 'थांब' शब्द दिसताच पुढचे दोन पाय दुमडून धाडकन पडायला लागला. हसून हसून पुरेवाट झाली, पण दोष त्याचा नव्हता. कार्ल सिम्स या संशोधकाने १९९४ मध्ये संगणकात प्राणी उत्क्रांत केले तेव्हाही असंच झालं होतं. वेगाला गुण ठेवले, तर काही प्राणी नुसते उंच वाढले आणि आडवे पडून 'वेग' मिळवू लागले. आपण जे मोजतो तेच मिळतं, आपल्या मनात काय होतं ते यंत्राला कुठून कळणार? शेवटी आम्ही चॅटमध्ये ठरवून पडण्याला सलग 'नाही' दिलं. सवय मोडायला लागलेला वेळ लावायला लागलेल्या वेळाच्या दुप्पट.

रोबोटकडे शब्दकोश नाही, त्यामुळे कोणत्याही भाषेतला शब्द चालतो. मी हौसेने 'बस' शिकवायला घेतलं. दोन दिवस तो बसेचना. मग लक्षात आलं, दुसरा कोणीतरी हिंदीवाला 'बस' टाकून 'पुरे' म्हणत होता आणि बसण्याला इमानेइतबारे 'नाही' देत होता.

गर्दीचं म्हणाल, तर दहा-बाराजण असले की मजा, दोनशे झाले की जत्रा. २०१४ मध्ये 'ट्विच प्लेज पोकेमॉन'मध्ये हजारो लोकांनी मिळून एकच खेळ चालवला, सोळा दिवसांत संपवलासुद्धा. तिथे अराजक (प्रत्येकाची आज्ञा चालणार) आणि लोकशाही (बहुमताची चालणार) असे दोन मोड होते. इथेही मतदानाचा मोड आहे: वीस सेकंदांत ज्या शब्दाला जास्त मतं, तो चालतो. शिस्त येते, पण झोपही येते. मी तो फक्त शनिवार-रविवारी वापरते.

आता तक्रारी. सहाव्या महिन्यात न सांगता रिसेट झाला आणि सहा आठवड्यांचं शिक्षण पुसलं गेलं. मेलला नवव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, त्यातही दिलगिरी नाही. शिवाय सिम्युलेशनमधली भौतिकी, म्हणजे वजन-टक्कर यांचा हिशेब, अधूनमधून दगा देते. पाय जमिनीत रुततो आणि पुढच्या क्षणी रोबोट बेडकासारखा हवेत उडतो. असल्या उडीला कौतुकाने 'हो' देऊ नका, तो लगेच तेच उचलतो. फोनवर तर उघडूच नका, फोन तापतो.

खरं यंत्र लोकांच्या हाती द्यायचे प्रयोगही जुने आहेत. १९९५ च्या टेलिगार्डनमध्ये लोक घरबसल्या खऱ्या यंत्रहाताने रोपांना पाणी घालत. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचं रोबोटेरियम तुमचा प्रोग्राम खऱ्या छोट्या चाकांच्या रोबोटांवर चालवून देतं, पण आधी सिम्युलेशनमध्ये तपासून. ते बरोबरच आहे. आमच्या ह्याने आतापर्यंत जेवढ्या वेळा तोंड आपटलंय, तेवढ्यात खऱ्याच्या मोटरी कधीच गेल्या असत्या.

रोबोटिक्स शिकायला म्हणून येणार असाल तर निराश व्हाल, कोड कुठेच दिसत नाही. शिकवायला म्हणून येणार असाल तर या, रात्री दहानंतर गर्दी बेताची असते. सध्या 'वळ' चालू आहे. डावीकडे छान वळतो. उजवीकडे सांगितलं की अजूनही आधी आडवा पडतो.