स्वतःकडे पाहायचं तर फिल्म की मोबाईल?

फोटोतून स्वतःचा शोध घ्यायचा तर फिल्मचा कॅमेरा हवा की खिशातला मोबाईल पुरे? ठाण्यात मासुंदा तलावाकाठी, कौपिनेश्वर मंदिराच्या बाजूला पहाटे उभं राहिलं की फरक लगेच कळतो.

३५ मिमीच्या रोलमध्ये ३६ फ्रेम. त्यामुळे बटण दाबण्याआधी ‘हेच का टिपायचं?’ हा प्रश्न आपसूक येतो, आणि खरा शोध तिथेच सुरू होतो. उजाडताना आयएसओ ४००चा (कमी उजेडातही चालणारा) रोल, एफ २.८ (भिंगाचं तोंड बरंच उघडं) आणि शटर १/६० सेकंद इथून सुरुवात करा. कलर निगेटिव्हला, म्हणजे नेहमीच्या रंगीत रोलला, थोडा जास्त उजेड चालतो, कमी पडला तर सावल्यांतला तपशील कायमचा जातो. म्हणून अंदाज चुकलाच तर एक स्टॉप वर, म्हणजे दुप्पट उजेडाकडे, चुकू द्या. खरा घात होतो तो रोल भरताना. रोलचं टोक स्पूलमध्ये (रोल गुंडाळला जातो त्या रिळात) अडकलं नसेल तर रोल पुढे नेणारी लिव्हर फिरते, रोल जागचा हलत नाही. झाकण लावून रिवाइंडचा (रोल परत गुंडाळायचा) नॉब हलकेच फिरवून रोल ताणून घ्या. लिव्हर ओढताना नॉबही फिरला, तरच रोल सरकतोय.

मोबाईलवर पाण्यातलं आपलं प्रतिबिंब तिथल्या तिथे तपासता येतं. पण अंधारात फोटो आपोआप उजळवणारा नाइट मोड दिव्याभोवतीचा काळोखच पुसून टाकतो. तो बंद करा, स्क्रीनवर दिसणाऱ्या ज्योतीवर बोट दाबून धरा, मग उजेड कमी करा. न आवडलेला चेहरा लगेच डिलीट करू नका, आठवडाभर राहू द्या.

ध्यानासारखी एकाग्रता हवी असेल तर आमचं मत फिल्मला. रोज त्याच खिडकीत, त्याच वेळी स्वतःचा एक फोटो, असा वर्षभराचा नेम धरायचा असेल तर मात्र मोबाईलच. देवळाच्या आत टिपायचं असेल तर आधी परवानगी विचारा.