हृदयाचे आवाज शिकणाऱ्यांसाठी लिटमन क्लासिक ३

लिटमन क्लासिक ३ हा स्टेथोस्कोप मी सहा वर्षे रोज वापरत आहे आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींना हृदयाची तपासणी शिकवताना तोच त्यांच्या हाती देते. नुसता रक्तदाब मोजायचा असेल तर एवढा खर्च करण्याची गरज नाही. हृदयाचे आवाज ओळखायला शिकायचे असेल तर मात्र तो जरूर करावा.

याच्या चेस्टपीसला, म्हणजे छातीवर टेकवायच्या भागाला, दोन्ही बाजूंना डायफ्राम (आवाज टिपणारा पातळ पडदा) आहे, मोठा प्रौढांसाठी आणि छोटा लहान मुलांसाठी. डायफ्राम हलका टेकवला की खर्जातले आवाज ऐकू येतात आणि दाबून धरला की वरच्या पट्टीतले. त्यामुळे दर वेळी चेस्टपीस फिरवून बेल (खर्जातल्या आवाजांसाठीची खोलगट बाजू) लावावी लागत नाही. नवख्या हाताला दाबातला हा फरक साधायला वेळ लागतो, हे मात्र आधीच सांगितले पाहिजे. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) अरुंद झालेल्या एका रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून माझी विद्यार्थिनी ऐकत होती, आणि चेस्टपीस इतका घट्ट धरला होता की त्याच्या कडेचा गोल वळ त्वचेवर उमटला. तिला लब-डबखेरीज काहीच ऐकू येईना. "बाळा, हात सैल सोड," एवढेच मी म्हणाले. तिने दाब कमी केला आणि दुसऱ्या आवाजानंतरची ती खोल घरघर कानी पडताच तिने श्वास रोखून माझ्याकडे पाहिले.

अर्थात स्टेथोस्कोप कानाला लावण्याआधी डोळे आणि बोटे वापरलीच पाहिजेत. मानेच्या शिरा फुगल्या आहेत का, पायांवर सूज आहे का, हृदयाच्या टोकाचा ठोका पाचव्या बरगडीखालच्या जागेत लागतो की डावीकडे सरकला आहे, हे कोणतेही उपकरण सांगणार नाही. ठोके पूर्ण एक मिनिट मोजावेत, विशेषतः हृदयाचे ठोके मंदावणारे डिगॉक्सिन हे औषध देण्यापूर्वी. प्रौढ रुग्णात ते ६० पेक्षा कमी भरले तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवावे. नाडी अनियमित असेल तेव्हा एकीने छातीवर व दुसरीने मनगटावर एकाच वेळी मोजावे. हृदयाचे काही ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत, हे त्या दोन आकड्यांतल्या फरकावरून कळते, आणि क्लासिक ३ चा आवाज गजबजलेल्या वॉर्डातही स्पष्ट येत असल्याने ही मोजणी सोपी जाते.

स्वच्छतेसाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे पुरेसे आहे; स्टेथोस्कोप द्रवात बुडवू नये. बाजारात नकली माल असतो, म्हणून चेस्टपीसवरचा अनुक्रमांक पाहावा व बिल घ्यावे. इअरटिप, म्हणजे कानात बसणारी टोके, नाकाच्या दिशेने वळलेल्या असतील अशाच कानात घालाव्यात. पेटीत लहान आकाराचा आणखी एक जोड येतो. माझ्या बहुतेक विद्यार्थिनींच्या कानांत तोच नीट बसतो.