'बोल्ट जाम झालाय' या वाक्यानंतर वाढत जाणारं बिल

खडखडाट येतो म्हणून जुनी गाडी गॅरेजला दिली जाते. काम ठरतं लोअर आर्मचे, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश बदलायचं. दुपारी मेस्त्रींचा फोन येतो, "बोल्ट यायना झालाय ओ, आर्मच बदलूया. नकलपण गेलाय." गाडी जॅकवर उघडी पडलेली असते, मालक हो म्हणतो. संध्याकाळच्या बिलात दोन आर्म, एक नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग), गॅस कटिंग, अलाइनमेंट. बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी, कुठल्याही गावच्या जुन्या गाडीवाल्याला असा फोन येऊ शकतो.

यातलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. बोल्ट जाम झालेलाच असतो. खोटेपणा शिरतो तो दुसऱ्या वाक्यात, म्हणून आधी जाम नेमकं काय झालंय ते समजून घ्या.

बुश म्हणजे नुसतं रबर नव्हे. रबराच्या पोटात एक लोखंडी नळी असते आणि बोल्ट त्या नळीतून आरपार जातो. जांबोटी-चोर्ल्याचा पाऊस, खानापूर भागातली तांबडी माती, ऊस तोडणीच्या दिवसांतला चिखल, हे सगळं त्या नळीत शिरतं आणि लवकर सुकत नाही. गोव्याकडून जुनी घेतलेली गाडी असेल तर खाऱ्या हवेचा गंज आधीच असतो. काही वर्षांत नळी आणि बोल्ट एकजीव होतात. खूण सोपी आहे: नट निघतो, बोल्टाचं डोकं पान्यावर थोडं फिरतं आणि सोडलं की स्प्रिंगसारखं मागे येतं. तो मागे खेचतो तो रबर.

आता हिशोब करा. जाम झालेली नळी बुशाची. बुश बदलायचाच होता. म्हणजे जायला हवेत फक्त बोल्ट आणि बुश. ब्रॅकेट आणि बुश यांच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला की आर्म सुटतो. पातं दोन-चार तुटतील, हात दुखतील, पण आर्मला काही होत नाही. नंतर प्रेसवर, म्हणजे दाब देणाऱ्या मशीनवर, जुना बुश काढून नवा बसवायचा. हे काम बेळगावच्या उद्यमबागेत प्रेस असलेल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये होतं. हातोड्याने ठोकून बुश बसवणाऱ्याकडे मात्र आर्म देऊ नका, कड वाकते आणि नवा बुश सैल बसतो.

कापण्याआधी करायचे प्रयत्नही ठरलेले आहेत, आणि घाईत नेमके तेच गाळले जातात. आधी वायर ब्रशने आटे साफ. मग गंज सोडवणारं तेल संध्याकाळी एकदा, सकाळी पुन्हा. पाच मिनिटांत तेल आत पोचत नाही. सहा बाजूंचा सॉकेट आणि लांब दांडा. बारा बाजूंचा रिंग पाना डोक्याचे कोपरे गोल करतो. आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं, पुन्हा आवळायचं. बोल्ट मागून ठोकताना नट टोकाशी सपाट येईल इतका फिरवून ठेवायचा, म्हणजे आटे चेपत नाहीत. गॅस मारायचाच तर नटापुरता. ब्रेकचा होज आणि एक्सलचं रबरी बूट शेजारीच असतं. मागच्या सस्पेन्शनला पेट्रोलची टाकी जवळ असेल तर गॅस नकोच.

नकलची गोष्ट वेगळी. बऱ्याच छोट्या गाड्यांत बॉल जॉइंटची, म्हणजे आर्म आणि नकल जोडणाऱ्या फिरत्या सांध्याची, दांडी नकलच्या चिरेत बसते आणि एक आडवा बोल्ट ती आवळून धरतो. तो बोल्ट नुसता घट्ट पकडत नाही, दांडीवरच्या खाचेतूनही जातो, म्हणून पूर्ण बाहेर काढल्याशिवाय जॉइंट सुटत नाही. जोर लावून तो तुटला की 'नकल गेला' असं सांगतात. तुकडा थोडा वर राहिला असेल तर त्यावर नट वेल्ड करून फिरवता येतो. वेल्डिंगच्या उष्णतेनेच निम्मं काम होतं. आत तुटला असेल तर नकल काढून ड्रिल मशीनवर मध्यभागी भोक पाडून तुकडा काढायचा आणि टॅप मारून आटे पुन्हा पाडायचे. हाताच्या ड्रिलने भोक तिरकं गेलं तर मग नकल खरोखरच जातो, आणि तो दोष मालकाचा नसतो.

मेस्त्री खरं बोलतोय असेही प्रसंग आहेत. आर्म वाकलेला असेल, बॉल जॉइंट सैल असून आर्मसकटच मिळत असेल, किंवा त्या गाडीचा बुश सुटा मिळत नसेल, तर नवा आर्म योग्य. चॅसीच्या आत वेल्ड केलेला नट सुटून गरगर फिरू लागला तर चॅसीला खिडकीसारखं भोक कापून तो धरावा लागतो. त्याची मजुरी जास्त असणारच.

नव्या आर्मच्या नावाखाली जुनाच आर्म काळा रंग मारून परत बसवला जातो. रंगाखाली गंजाचे खड्डे चाचपडून कळतात, बॉल जॉइंटच्या बुटावर रंगाचे शिंतोडे दिसतात. बोल्टाचं डोकंही बघा. कंपनीच्या बोल्टावर १०.९ सारखा आकडा असतो, आणि जुन्यावर होता तोच नव्यावर हवा. हार्डवेअरच्या दुकानातला आकडा नसलेला बोल्ट तिथे चालत नाही. गॅसने लाल केलेला बोल्ट पुन्हा वापरणं तर त्याहून वाईट, त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेलं असतं. नट नवा, बोल्टाच्या गुळगुळीत भागाला ग्रीसचा पातळ हात. आणि शेवटचं आवळणं चाके जमिनीवर टेकल्यावर. चाक लोंबकळत असताना आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. मग पुन्हा तोच खडखडाट, पुन्हा तेच बिल.

गाडी देतानाच दोन गोष्टी लिहून घ्या: विचारल्याशिवाय ठरल्यापलीकडचा पार्ट नको, आणि काढलेले सगळे पार्ट, कापलेल्या बोल्टासकट, परत हवेत. बिलावरचा जीएसटी नंबर बघा. कर्नाटकातला २९ ने सुरू होतो, महाराष्ट्रातला २७ ने, गोव्यातला ३० ने. नंबरच नाही आणि तरी जीएसटी लावलाय, तर ती आणखी एक फसवणूक.

सीमेपलीकडे, कोल्हापूरला किंवा गोव्यात काम करून घेतलं असलं तरी हेलपाटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. तक्रारीसोबत बिल, आधीचे फोटो आणि तो जुना आर्म लागतो, म्हणून तो भंगारवाल्याला देऊ नका.