एफएल स्टुडिओ, घुमट आणि माझे पहिले आठ महिने

मी फोंडा तालुक्यातला, वय २३. चवथीला वाड्यावर घरोघरी आरत्यांना घुमट (मातीच्या मडक्याच्या तोंडावर चामडं ताणलेलं आमचं वाद्य) वाजवतच मोठा झालो, बाकी संगीताचं शिक्षण शून्य. कॉलेजात असताना मित्रांसोबत हणजूणला गोवा ट्रान्स (गोव्यातल्या पार्ट्यांतून आलेलं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) पहिल्यांदा मोठ्या स्पीकरवर ऐकला आणि डोक्यात एकच गोष्ट बसली की आपल्या गोव्याचं नाव लावून हे जगभर वाजतंय आणि आपल्याला यातला एक साधा आवाजसुद्धा बनवता येत नाही. तिथून एफएल स्टुडिओवर, म्हणजे कॉम्प्युटरवर गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरवर आलो. नवीन शिकणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण मला सुरुवातीला हे कोणी सांगितलं नव्हतं.

आधी ट्रायलबद्दल. ती फुकट आहे, दिवसांची मुदत नाही, सगळे प्लगइन (आवाज बनवणारे किंवा बदलणारे आतले छोटे प्रोग्राम) उघडे, गाणं वेव्ह किंवा एमपीथ्री फाइल करून बाहेरही काढता येतं. फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडत नाही, तो विकत घेतल्यावरच उघडतो. म्हणजे जे करायचं ते एका बैठकीत. जूनमध्ये आमच्याकडे दिवसातून तीनदा लाईट जायची, माझ्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं टिकते, त्यामुळे मी दर थोड्या वेळाने वेव्ह काढून ठेवायची सवय लावून घेतली. तुम्हीही लावा, खरंच सांगतो.

दुसरं म्हणजे आवाज उशिरा येणं. सेकंडहँड छोटा मिडी कीबोर्ड (स्वतःचा आवाज नसलेला, सॉफ्टवेअर वाजवायचा पट्ट्यांचा कीबोर्ड) जोडला, पट्टी दाबली की आवाज मागून यायचा, मला वाटलं कीबोर्डच खराब आहे, दोन दिवस डोकं धरून बसलो. तो दोष सेटिंगचा होता. ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन डिव्हाइस एफएल स्टुडिओ आसिओ (आवाज कमी उशिराने पोचवणारा ड्रायव्हर) निवडायचं आणि बफर (आवाज बाहेर पडण्याआधी साठवला जाणारा तुकडा, सॅम्पलमध्ये मोजतात) कमी करायचा. २०४८ सॅम्पलला जवळजवळ ४६ मिलिसेकंद उशीर होतो, ५१२ ला साधारण १२, आणि घुमट वाजवणाऱ्या हाताला हा फरक लगेच कळतो. फार कमी केला तर जुन्या लॅपटॉपवर आवाज तडतडतो, मग थोडा वाढवा.

आता ज्याच्यासाठी मी या सॉफ्टवेअरच्या प्रेमात पडलो ते. मामाचं घुमट मोबाईलवर रेकॉर्ड केलं, एकेक थाप कापून चॅनल रॅकमध्ये (प्रत्येक आवाजाची एक ओळ आणि तिच्यापुढे ठोक्यांचे चौकोन असलेली खिडकी) टाकली, सोळा चौकोनांत ठेका भरला आणि मामाला ऐकवला. मामाने एकदाच ऐकलं आणि म्हणाला, "बाबू, यात उजवा हात आहे रे, डावा खंय गेला?" बरोबरच होतं त्याचं, कारण घुमटाचं मागचं तोंड डाव्या तळव्याने झाकायचं-उघडायचं असतं, सगळी बोलकी मजा तिथेच आहे. मग उघडी थाप आणि झाकलेली थाप वेगळ्या चॅनलवर ठेवल्या आणि कट ग्रुपचे (एक आवाज दुसऱ्याला थांबवतो ती सोय) नंबर असे लावले की झाकलेली वाजली की उघडीचा घुमार तिथेच तुटतो. शिवाय प्रत्येक थापेची व्हेलॉसिटी (थापेचा जोर) वेगवेगळी केली, सहा मात्रांच्या चालीसाठी पॅटर्नची लांबी सोळावरून बारा चौकोन केली. हे करायला मला अख्खी एक रात्र लागली, हेडफोन लावून, आणि सकाळी मामा नुसता मान हलवत बसला. त्या एका रात्रीत जे शिकलो ते व्हिडिओ बघून महिनाभरात शिकलो नव्हतो.

ट्रान्सच्या त्या पिळवटणाऱ्या बेससाठीही महागडं काही लागत नाही. तो आवाज मुळात रोलँडच्या टीबी ३०३ चा, १९८१ चं बेस वाजवणारं मशीन, ८४ ला बंदसुद्धा झालं होतं. एफएलमधल्या थ्री एक्स ऑस्क या आवाज बनवणाऱ्या प्लगइनवर सॉ वेव्ह (करकरीत आवाजाची लहर) घ्या, फिल्टरचा कटऑफ (ज्याच्या वरचा आवाज कापला जातो ती सीमा) खाली, रेझोनन्स (त्या सीमेजवळचा आवाज उठवणं) वर, पियानो रोलमध्ये (सूर मांडायची खिडकी) दोनचार स्लाइड नोट (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरवणाऱ्या) टाका आणि वाजत असताना कटऑफ हळूहळू फिरवा. हुबेहूब नाही येत पण अंगावर काटा येण्याइतकं येतं.

विकत घेताना एडिशन (कमी-जास्त सोयींच्या आवृत्त्या) नीट बघा. फ्रूटी सगळ्यात स्वस्त, पण त्यात माईकवरून रेकॉर्डिंग नाही. आरती, भजन, स्वतःचा आवाज, काहीही रेकॉर्ड करून वापरायचं असेल तर किमान प्रोड्युसर एडिशन घ्या, थोडे महिने थांबा पण तीच घ्या. पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट मिळतात, हे मला फार मोठं वाटतं, कारण आपल्यासारख्याला दरवर्षी पैसे भरणं जमत नाही. एक जपायचं, ट्रायलमध्ये सगळे प्लगइन दिसतात म्हणून वरच्या एडिशनमधला एखादा वापरून गाणं बांधलं तर नंतर अडचण होते, आधीच यादी तपासा.

मी गेल्या महिन्यात प्रोड्युसर घेतली. सगळ्यात आधी जूनमधला तो घुमटाचा प्रोजेक्ट उघडला, एका थापेच्या मागे आमच्या कौलांवरचा पाऊस बारीक ऐकू येतो, तो मी काढलेला नाही.